रक्तातला ऐब कोण मोजणार?

रिश्त्याची बोलणी सुरू झाली की आपल्या समाजात आधी खानदान पाहिले जाते. मुलाचे शिक्षण, नोकरी, नमाज-रोजा हे सगळे विचारून झाले की बोलणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो आणि प्रश्न येतो, "बाप कैसा था?" बापाच्या स्वभावाची ही चौकशी नसते. तो पीत होता का, एवढेच जाणून घ्यायचे असते. उत्तर 'हो' असेल तर चहा होतो, इकडच्या-तिकडच्या गोष्टी होतात आणि पाहुणे पुन्हा येत नाहीत. मुलगा स्वतः सुपारीच्या खांडालाही शिवत नसला तरी त्याच्या रक्तात ऐब आहे, असे धरून चालतात.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. कामण हे वसई तालुक्यातले गाव, वसई-दिवा रेल्वेमार्गावरचे. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर आणि आदिवासी पाडे, दुसऱ्या बाजूला चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता आणि त्याच्या दोन्ही कडांना गाळे, गोदामे, छोटे कारखाने. आमच्या वर्गातली बरीच मुले या गाळ्यांत राबणाऱ्यांची. त्यांतल्या काहींचे अब्बा संध्याकाळी कुठल्या अवस्थेत घरी येतात हे सगळ्या वस्तीला ठाऊक असते. असे एखादे मूल वर्गात मारामारी करताना सापडले की शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सहज बोलून जाते, "उसके तो खून में है." मुलीच्या बापाने तोलले ते खानदान होते, आम्ही शिक्षक तोलतो ते मूल. तराजू एकच.

हे 'खून में है' प्रकरण खरे आहे का? बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात आनुवंशिकता आणि परिस्थिती यांवर टीप हमखास यायची. शेवटी 'दोन्ही महत्त्वाचे' असे लिहिले की गुण पदरात पडत. त्या टिपेत कॅलिकॅक घराण्याची गोष्ट असे. अमेरिकेतल्या गोडार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1912 साली ती छापली. एका माणसाला एका बाईपासून झालेला वंश दारुड्यांचा आणि मतिमंदांचा, तर दुसऱ्या, चांगल्या घरच्या बायकोपासून झालेला वंश सभ्य नागरिकांचा. आपल्याकडच्या कित्येक शिक्षकांनी ही गोष्ट पाठ करून पदवी घेतली आहे. ती टिपेत येत असे, पण तिच्यावरचे आक्षेप टिपेत येत नसत. मेलेल्या माणसांना मतिमंद ठरवताना ऐकीव माहितीवर भिस्त ठेवली होती. जिवंतांना ठरवताना घरात डोकावून, चेहरा पाहून निकाल दिला होता. गोडार्डने स्वतःच पुढे आपली बरीच मते बदलली. पण तोवर या पुस्तकाचा आधार घेऊन माणसांना मूल होऊ न देण्याच्या कायद्यांची बाजू मांडून झाली होती. एका घराण्याच्या बदनामीला शास्त्राचे नाव मिळाले की ती किती लांब जाते, याचे हे उदाहरण आहे. शिक्षकाने तरी ते विसरू नये.

मात्र गोडार्ड खोटा ठरला म्हणून वारसाच खोटा ठरत नाही. पुढे नीट अभ्यास झाले. त्यांतला एक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली तो प्रसिद्ध केला. जन्मल्यावर काही आठवड्यांतच दत्तक गेलेले 55 मुलगे त्यांनी शोधले. प्रत्येकाच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचे व्यसन होते, पण या मुलांनी त्या बापाला किंवा आईला पिताना पाहिलेले नव्हते. ते वाढले परक्या घरात. मोठेपणी त्यांतल्या 18 टक्क्यांना व्यसन लागलेले आढळले. ज्यांच्या जन्मदात्यांना असे व्यसन नव्हते, अशा दत्तक मुलग्यांत हेच प्रमाण 5 टक्के होते. म्हणजे रक्तातून काहीतरी येते, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू पाहा. शंभरातले 82 जण बापाच्या वाटेने गेले नाहीत. 'खून में है' म्हणणारा माणूस त्या 18 मुलांबद्दल बोलत असतो आणि बोट मात्र शंभरांकडे दाखवत असतो.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून असेही सांगतात की दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 50 टक्के आहे. हा आकडा वर्तमानपत्रात आला की लोक घाबरतात. बाप पिणारा असेल तर मुलगा पिण्याची शक्यता निम्मी, असा अर्थ लावतात. तो चुकीचा आहे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, कुणी व्यसनात अडकतो आणि कुणी अडकत नाही, त्या फरकापैकी साधारण अर्धा भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढाच त्याचा अर्थ. हा हिशोब अख्ख्या जमावाचा आहे, तोही त्या देशापुरता आणि त्या काळापुरता. फिनलंडमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासात असे दिसले की किशोरवयातल्या पिण्यावर आनुवंशिकतेचा प्रभाव शहरी भागात जास्त होता, खेड्यात कमी. जनुके तीच, पण खेड्यात त्यांना वाव नाही. आमचे कामण आता खेडे राहिलेले नाही आणि शहरही झालेले नाही, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला जरा जास्तच लागते.

मोजणी आता चेहरा पाहून होत नाही, मेंदू आणि जनुके पाहून होते. 1984 साली अमेरिकेत बेग्लायटर यांनी व्यसनी बापांच्या 7 ते 13 वर्षांच्या मुलांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तपासल्या. या मुलांनी दारूला तोंडही लावलेले नव्हते, तरी त्यांची एक विशिष्ट लहर इतर मुलांपेक्षा कमी उंचीची निघाली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी व्यसनी माणसांच्या जवळच्या पुरुष नातलगांत हेच पाहिले आणि 1995 साली प्रसिद्ध केले. घरातला धोका जितका जास्त, तितकी ती लहर बुटकी. मग जनुकांची पाळी आली. 1990 साली दारूचे एक जनुक सापडल्याचा गाजावाजा झाला, पण पुढच्या तपासण्यांत तो टिकला नाही. आज सांगतात की एक जनुक नाही, शेकडो बारीक खुणा आहेत आणि प्रत्येकीचा वाटा तीळभर. त्यांची बेरीज करून माणसाला एक गुणांक देतात. यासाठी लाखो माणसांची जनुके तपासली गेली. पण त्यांतली बहुतेक युरोपीय वंशाची होती. त्यावरून काढलेला गुणांक कामणच्या पोराला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा जोडा त्याच्यासाठी आणणे.

असे असूनही बाजार थांबत नाही. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'अव्हर्ट-डी' नावाच्या चाचणीला मंजुरी दिली. गालाच्या आतून नमुना घ्यायचा, 15 जनुकीय खुणा पाहायच्या आणि अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन लागण्याचा धोका या रुग्णाला जास्त आहे का, ते सांगायचे. त्यांच्याच सल्लागार समितीने 2022 साली 11 विरुद्ध 2 मतांनी तिच्याविरुद्ध कौल दिला होता. मंजुरीनंतर अनेक शास्त्रज्ञांनी ती मागे घ्या असे पत्र लिहिले. त्यांची भीती दुहेरी होती. धोका नाही असे ऐकून माणूस बेफिकीर होईल, धोका आहे असे ऐकून डॉक्टर त्याला दुखण्यावरचे औषधही नाकारील. रिश्त्याच्या बोलण्यांत होते तेच इथे दवाखान्यात.

जनुक किती बलवान असते याचा एक दाखला जपानमधला आहे. तिथल्या बऱ्याच लोकांत एका जनुकाचा असा प्रकार असतो की थोडी दारू पोटात गेली तरी तोंड लाल होते, मळमळते, छाती धडधडते. हे व्यसनापासूनचे निसर्गदत्त संरक्षणच. 1979 साली तिथल्या व्यसनी रुग्णांत असे जनुक असलेले जेमतेम 2.5 टक्के होते. 1992 साली ते 13 टक्के झाले. तेरा वर्षांत कुठल्या देशाचे रक्त बदलत नाही. बदलली ती कामानंतर साहेबाबरोबर बसून पिण्याची रीत. समाजाने रेटा लावला आणि रक्तातला पहारेकरी हटला.

याच्या उलट घडलेले आपल्या जिल्ह्यानेच पाहिले आहे. आजचा पालघर जिल्हा 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. इंग्रज अंमलदार इथल्या आदिवासींविषयी लिहीत की हे लोक स्वभावतःच दारूचे शौकीन. हे लिहिणाऱ्या सरकारने 1878 च्या अबकारी कायद्याने घरोघरी गाळली जाणारी मोहाची दारू बंद करून ठेकेदाराच्या भट्टीची, कर भरलेली दारू विकत घ्यायला लावली. 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही बंधने आणली. पिणाऱ्याच्या रक्ताला नावे ठेवायची आणि त्याच्या पिण्यावर तिजोरी भरायची, असा हा कारभार. मग 1922 साली एक लाट आली. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत ती सुरू झाली, डोंगर-जंगलातल्या आदिवासी गावांतून पसरत गुजरातेत सुरत जिल्ह्यापर्यंत पोचली. देवी अंगात येई आणि सांगे, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारू विकणाऱ्याकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी काही महिन्यांत दारू सोडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर अख्खे पुस्तक लिहिले आहे. पुढे काही गावे पुन्हा प्यायला लागली, काही दारूपासून दूरच राहिली. देवीवर आमचा विश्वास असण्याचा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की ज्यांच्या रक्तात दारू आहे असे सरकारी कागदांत लिहिले होते, त्यांचे रक्त त्या वर्षी कुठे गेले होते?

रक्ताचा शिक्का मारून काय साधते, याचा अनुभव महाराष्ट्राला भरपूर आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. माणसाने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत राहायचे. त्या यादीत छप्परबंद होते. त्यांत आपले मुसलमान बांधव आहेत, ही गोष्ट आपल्यातल्या सुशिक्षितांनाही माहीत नसते. 31 ऑगस्ट 1952 ला हा शिक्का कायद्याने पुसला गेला. पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या डोक्यातून तो अजून पुसलेला नाही. तेव्हा जनुकांची तपासणी नव्हती. ती असती तर इंग्रजांनी कायद्याच्या मागे एक तक्ता जोडला असता, इतकाच फरक पडला असता.

इथवर आमचे म्हणणे सोपे होते. अवघड भाग पुढे आहे. गोडार्डची मोजणी खोटी होती, 1871 चा शिक्का खोटा होता, म्हणून त्यांना अन्याय म्हणणे सोपे जाते. पण 18 आणि 5 हे आकडे खोटे नाहीत. मुलीचा बाप आम्हाला म्हणू शकतो, "मास्तर, तुमचाच आकडा सांगतो की धोका तिप्पट-चौपट आहे. माझी मुलगी मी का द्यावी?" त्याला निरुत्तर करण्याची आमची इच्छा नाही. दारुड्याशी लग्न झालेल्या बाईचे काय होते ते आम्ही वस्तीत रोज पाहतो. मेहरची रक्कम कागदावर आणि हातातल्या बांगड्या सावकाराकडे. शंभरात अठरा हा आकडा पुस्तकात लहान दिसतो, ज्या घरात तो पडतो तिथे तो शंभर टक्के असतो.

तरीही आमचे उत्तर असे की बापाचा हक्क मुलाबद्दल विचारण्याचा आहे. मुलगा पितो का, कुणात उठतो-बसतो, पगार घरी देतो का, राग आला की काय करतो, हे सगळे विचारावे. खोदून विचारावे. आपल्याकडे यात मुलीच्या बाजूचे लोक उगाच संकोच करतात. मुलाच्या मेलेल्या बापाबद्दल तासभर बोलतील आणि समोर बसलेल्या मुलाला एक प्रश्न विचारणार नाहीत. पंचवीस वर्षांचा माणूस समोर आहे, त्याचे पंचवीस वर्षांचे वागणे समोर आहे. ते सोडून त्याच्या बापावरून अंदाज बांधायचा, हे न्यायाचे तर नाहीच, हिशोबाचेही नाही. शिवाय नाकारले जाणे हीदेखील एक परिस्थिती आहे. तीन ठिकाणांहून बापाच्या नावाने परत पाठवलेला मुलगा चौथ्या दिवशी कुठे जाऊन बसतो? तिथे जनुक मोजायला कुणी जात नाही.

मग हे ज्ञान कुणाच्याच कामाचे नाही का? आहे, आणि ते त्या मुलाच्याच कामाचे आहे. आपल्या घरांत शुगरबद्दल किती मोकळेपणाने बोलतात पाहा. "तेरे दादा को थी, अब्बा को है, तू मीठा कम खा," असे अम्मी दस्तरखानावर सगळ्यांसमोर सांगते. त्यात कुणाची बेइज्जती होत नाही. नशेबद्दल असे कुणी सांगत नाही. बाप लिव्हर खराब होऊन गेला तर मुलांना 'पीलिया हुआ था' असे सांगतात. कारण शुगर ही बीमारी आणि शराब हा गुनाह. गुनाह झाकायचा असतो. ही झाकाझाक अम्मी मुलाच्या भल्यासाठीच करते, पण ज्या एका माणसाला ही माहिती उपयोगी पडली असती, त्याच्यापासूनच ती लपते. वस्तीला माहीत, शाळेला माहीत, रिश्ता आणणाऱ्या खालाला माहीत. माहीत नाही ते फक्त त्याला.

'आमच्यात दारू नाही' असे आपण बाहेर अभिमानाने सांगतो. दारूची दुकाने सोडा, मालेगावची 'कुत्ता गोली' वर्तमानपत्रांत आली ती कुठल्या मोहल्ल्यांतून? भिवंडीच्या कारखान्यांत रात्रपाळीला जागे राहण्यासाठी आणि सकाळी झोपण्यासाठी काय काय चालते, हे तिथल्या कामगाराला विचारावे. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे आणि आमच्या शाळेच्या भिंतीला त्याची पुडी रोज सापडते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 10 ते 17 वर्षांच्या मुलांत सोल्यूशन, व्हाइटनर असले काही हुंगण्याचे प्रमाण 1.17 टक्के निघाले, मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट. यात बापाचे रक्त किती आणि पंक्चरच्या दुकानात कामाला लावलेले बालपण किती, हे वाचकांनीच ठरवावे. आणि धोका जनुकांत असेल तर तो दारूपुरता थांबत नाही. नव्या संशोधनात दारू, तंबाखू, गांजा, अफू यांच्या मुळाशी काही खुणा समान आढळल्या आहेत. दारूला हात न लावणारा मुलगा गोळीला लागला तर 'खानदानात कुणी पीत नव्हते' हे म्हणणे तिथे कामाचे नाही.

गुनाह की बीमारी, हा वाद आपल्या समाजात अजून मिटलेला नाही. रक्तातूनच येत असेल तर मग जबाबदारी कसली, असेही एखादा हुशार तरुण विचारतो. आम्हाला वाटते, यात दोन वेगळे तराजू आहेत. दुसऱ्याचा न्याय करताना वारसा ध्यानात घ्यावा, म्हणजे जीभ जरा आवरते. जो खड्ड्याच्या काठावर जन्मला आणि पडला, त्याच्यापेक्षा सपाट जमिनीवर जन्मलेले आपण मोठे परहेजगार नव्हे. स्वतःचा हिशोब करताना मात्र तोच वारसा जास्त सावध राहण्याचे कारण ठरतो. प्रत्येक मूल निर्मळ फितरतीवर जन्मते असे आपण मानतो, एकाच्या कर्माचा जाब दुसऱ्याला नाही असेही मानतो. मग 'खून में है' हे वाक्य आपल्या तोंडात कुठून आले? शराबची मनाईसुद्धा एका दिवसात आली नाही, टप्प्याटप्प्याने आली, हे मदरशात शिकलेल्या मुलालाही माहीत असते. सवयीची पकड काय असते याची ती जाण होती. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये 1986 पासून अनिल आणि सुनंदा अवचटांनी व्यसन हा आजार मानून काम उभे केले. आपल्यातला माणूस तिथे किंवा सरकारी रुग्णालयात जाताना अजूनही नाव बदलून जावे का असा विचार करतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक आजार आले आहेत, उपचाराचा हक्क आला आहे. हे शुक्रवारच्या बयानात एकदा सांगितले गेले तर बरे होईल.

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा पाठ आहे. तो झाल्यावर एका मुलाने तास संपताना जवळ येऊन विचारले, "सर, शराब भी आती है क्या ऐसे?" त्याच्या घरचे आम्हाला माहीत होते आणि आम्हाला माहीत आहे हे त्यालाही माहीत होते. आम्ही त्याला 18 आणि 82 सांगितले. थोडी ओढ येते, माणूस येत नाही, असे काहीसे सांगितले. पहिला घोट, पहिली गोळी, पहिली पुडी इथेच तुझ्या हातात सगळे आहे, नंतर तेवढे राहत नाही, हेही सांगितले. आपल्या मुलाला यात एक सोय आहे, जिचा आपण नीट उपयोग करत नाही. दोस्तांत बसून 'मी घेत नाही' म्हणायला इतर मुलांना कारण शोधावे लागते, आपल्या मुलाला ते शोधावे लागत नाही. तो ऐकून गेला. पटले की नाही ते कळले नाही.

यादीचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. ओळखीच्या एका शाळेत मुलांच्या माहितीच्या फॉर्मवर 'कुटुंबात व्यसन' असा रकाना आला होता. हेतू समुपदेशनाचा होता. समुपदेशक आलाच नाही, यादी मात्र झाली. पुढच्या महिन्यात एका मुलाचे पाकीट हरवले तेव्हा पहिली झडती त्या यादीतल्या मुलांची झाली. निम्हान्ससह देशातल्या अनेक केंद्रांत 2016 पासून हजारो मुलांवर असा अभ्यास सुरू झाला. तिथे संमती घेतात, नावाच्या जागी क्रमांक असतो. शाळेच्या कपाटाला तशी शिस्त नाही आणि किल्ली शिपायाकडे असते. अमेरिकेत 2008 पासून जनुकांवरून नोकरी किंवा आरोग्यविमा नाकारण्याला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. तो होईपर्यंत असा रकाना फॉर्मवर नसावा, असे आम्ही आमच्या मुख्याध्यापकांना सांगितले आहे. ज्या घराला मदत हवी आहे त्या घरची आई शाळेत येते, ती फॉर्म भरून बोलत नाही. तिच्यासाठी दुपारच्या सुट्टीत एक रिकामी खोली हवी, दार लोटता येईल अशी. आमच्या शाळेत ती अजून नाही.